मेंदूतील वाटा आणि त्यांवरील रहदारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



संमेलनात दरवर्षी एखाद्या जाणत्या गृहस्थाचे व्याख्यान व्हावे अशी आपली प्रथा आहे. यंदा ते काम कार्यवाहांनी आमच्यावर सोपविले, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. आमचे शिक्षण १९७४ सालच्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर अध्यापकवर्गाची पदविका, आणि पुढची सदतीस वर्षे खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत ग म भ न शिकविण्यात गेलेली. अशा मनुष्याने मेंदूसारख्या गहन विषयावर बोलावे, हे काहींस धार्ष्ट्य वाटेल. परंतु ज्या अवयवाशी आमचा जन्मभर व्यवहार झाला, त्याच्या अंतरंगाविषयी निवृत्तीनंतर थोडे कळले, आणि ते कळल्यावर आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूकही कळली. ती चूक चारचौघांत सांगावी आणि तीपासून आपल्या कुटुंबांचा काही लाभ व्हावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आम्हांस चक्कर येऊ लागली, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेंदूचा एम. आर. आय. काढला. ईश्वरकृपेने त्यात काही निघाले नाही. आमची भाची अशाच यंत्रावर काम करते. सुटीत ती घरी आली असता आम्ही ती काळी-पांढरी छायाचित्रे तिच्यापुढे ठेवली आणि विचारले, “यात आमचे विचार कुठे दिसतात?” ती हसून म्हणाली, “मामा, यात नुसतं घर दिसतं. घरात काय चाललंय, ते बघायला निराळी युक्ती लागते. आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट कुठून आहे, ते बघायला आणखी तिसरी.” त्या सुटीत आणि पुढच्या कित्येक सुट्यांत तिने आम्हांस जे समजावून दिले, तेच आज आपणांपुढे मांडीत आहो. यात भूल असेल ती आमची, गुण असेल तो तिचा.

पूर्वी मेंदूचा अभ्यास करावयाचा म्हणजे रोग्याच्या मरणाची वाट पाहणे भाग असे. पॅरिस येथील देजेरीन नावाच्या वैद्याने १८९२ साली एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. या सुशिक्षित गृहस्थास एके दिवशी अकस्मात वाचता येईनासे झाले. डोळे धड होते, बोलणे धड होते. कागद-लेखणी दिली तर तो बिनचूक लिही, पण स्वतःच लिहिलेली ओळ थोड्या वेळाने पुढे धरली तर ती त्यास वाचता येत नसे. तो वारल्यावर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्ध्या भागाच्या मागील बाजूस इजा आढळली. देजेरीनने अर्थ लावला तो असा, की पाहण्याचे ठाणे शाबूत आणि शब्दांचे ठाणेही शाबूत, परंतु पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट तुटली. केवढा मोठा विचार हा! मेंदूचे काम केवळ ठाण्यांवर अवलंबून नसून त्यांना जोडणाऱ्या वाटांवरही अवलंबून आहे, हे त्यात आले. परंतु जिवंत माणसाच्या डोक्यातील वाट पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन आता आहे, आणि त्याच्या मुळाशी दोन साध्या वस्तू आहेत : पाणी आणि रक्त.

प्रथम पाणी. आपल्या शरीराचा मोठा अंश पाण्याचा आहे. एम. आर. आय. यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. रुग्णालयातील सामान्य यंत्राची शक्ती दीड टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट. या चुंबकाच्या साहाय्याने पाण्यातील हायड्रोजनच्या कणांकडून संदेश मिळवून चित्र तयार करता येते. १९७३ साली लॉटरबर यांनी असे पहिले चित्र प्रसिद्ध केले, आणि पुढे २००३ साली त्यांना व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील पाणी एका जागी स्वस्थ नसते, त्याचे कण सदैव इकडे-तिकडे हलत असतात. आपल्यापैकी अनेकांची घरे शेतीची आहेत, त्यांस पुढील गोष्ट सांगावयास नको. सरी पाडलेल्या शेतात पाणी सोडले की ते सरीच्या लांबीने धावते, वरंबा ओलांडून आडवे जाण्यास त्यास अडचण पडते. दूर टेकडीवरून नुसते पाणी पाहिले तरी सऱ्या कोणत्या दिशेने पाडल्या आहेत हे सांगता येते. मेंदूतील मज्जातंतूंचे तसेच आहे. तंतूच्या लांबीने पाणी सहज सरकते, आडवे जाताना तंतूच्या आवरणाशी अडते. ही हालचाल चित्रात पकडण्याचे काम फ्रान्समधील द्नी ल बिआँ यांनी १९८५ च्या सुमारास केले, आणि १९९४ साली अमेरिकेत पीटर बॅसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून तंतूंची दिशा काढण्याचे गणित बसविले. अशा रीतीने जिवंत माणसाच्या डोक्यातील वाटांचा नकाशा, कातडीला ओरखडाही न काढता, हाती आला.

आता रक्त. ज्या घरी मंगलकार्य असते त्या घराकडे पाण्याच्या घागरी, दुधाच्या कासंड्या आणि भाजीच्या पाट्या जाऊ लागतात. मांडवात काय चालले आहे हे आपणांस दिसत नसले, तरी या ये-जेवरून कार्य कोणाकडे आहे हे कळते. मेंदूच्या ज्या भागास काम पडते, त्या भागाकडे ताज्या रक्ताचा पुरवठा वाढतो. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू देऊन बसलेले रक्त यांचा चुंबकीय गुण भिन्न असतो, हे पॉलिंग व कॉरियेल यांनी १९३६ सालीच दाखविले होते. या भेदाचा उपयोग करून मेंदूचे काम चित्रात पाहता येईल, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली प्रयोगाने सिद्ध केले. मात्र घागरी पोचण्यास वेळ लागतो. काम सुरू झाल्यावर रक्ताची भरती कळसास जाण्यास पाच-सहा सेकंद लागतात, आणि दिसते ती भरतीच, प्रत्यक्ष विचार दिसत नाही. हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा एका चित्रात वाटा दिसल्या, दुसऱ्यात त्यांवरील रहदारीचा अंदाज आला. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हा खरा प्रश्न, आणि येथेच आमच्यासारख्या शिक्षकाचे कान टवकारतात. वाटेमुळे रहदारी ठरते, की रहदारीमुळे वाट पडते?

पहिल्या अंगाचा पुरावा पाहू. भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी १९९५ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. माणूस यंत्रात स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूत डावा हात हलविणारे ठाणे आणि उजवा हात हलविणारे ठाणे यांतील रक्ताची चढउतार एका ठेक्यात चालते. हात तर हलत नाहीत, मग हा ठेका कसला? पुढे एकाच माणसाची दोन्ही प्रकारची चित्रे काढून ती ताडून पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात असे निघाले, की ज्या दोन ठाण्यांमध्ये तंतूंची थेट व भक्कम जुडी आहे, त्यांचा ठेका बहुधा जुळतो. परंतु उलट विधान करता येत नाही. थेट वाट नसतानाही कित्येक ठाण्यांचा ठेका जुळलेला आढळतो. यात नवल नाही. आपल्या दोन खेड्यांमध्ये थेट सडक नसली, तरी तालुक्याच्या गावावरून एस. टी. बदलून सोयरेधायरे एकमेकांकडे जातातच की!

वाट तुटली तर काय होते? मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा एक मोठा पूल आहे, त्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात. अपस्माराचे झटके कशानेच थांबेनात, म्हणून सहा वर्षांच्या एका बालकाचा हा पूल शस्त्रक्रियेने छेदावा लागला. त्याची चित्रे शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काढली होती, आणि तो वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. आधी दोन्ही बाजूंचा ठेका जुळत होता, नंतर तो बव्हंशी नाहीसा झाला. यावरून वाट हीच सर्वस्व असे वाटेल. परंतु काही माणसे जन्मतःच या पुलावाचून येतात. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा प्रौढांची चित्रे प्रसिद्ध केली, तर त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा ठेका इतरांप्रमाणेच जुळलेला होता. पूल नाही, पण व्यवहार सुरळीत. वाढीच्या काळात मेंदूने दुसरे आडमार्ग हुडकले असले पाहिजेत, असेच म्हणावे लागते.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. वाचन ही निसर्गाने दिलेली कला नव्हे. लिपीचा इतिहास फार तर पाच-साडेपाच हजार वर्षांचा, तेवढ्यात मेंदूत वाचनाचे जन्मजात ठाणे कसे निर्माण होणार? तरीही जगात कोणतीही लिपी वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूत, डाव्या बाजूस खालच्या अंगाला, बहुधा त्याच एका जागी अक्षरे ओळखण्याचे काम चाललेले दिसते. हे कसे? २०१६ साली झेनेप सायगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पाच वर्षांच्या मुलांची चित्रे काढली. त्या वेळी त्यांस वाचता येत नव्हते. आठव्या वर्षी तीच मुले वाचू लागल्यावर पुन्हा चित्रे काढली. प्रत्येक मुलात अक्षरांचे ठाणे नेमके कोठे वसले, हे त्याच्या पाचव्या वर्षीच्या वाटांच्या नकाशावरून आधीच सांगता येत होते! मुलांची संख्या थोडी होती हे खरे, परंतु बोध मोठा आहे. बाजार कोठे भरेल हे आधी पडलेल्या वाटा ठरवितात, आणि या वाटा प्रत्येक मुलात अगदी सारख्या नसतात.

बंधुभगिनींनो, हे ऐकले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण सांगतो.

१९८४ साली आम्ही एका दोनशिक्षकी शाळेत होतो. तिसरीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. तोंडी हिशेबात तो सर्वांच्या पुढे, पाठांतर एकदा ऐकून तोंडपाठ, परंतु पुस्तक उघडले की अडला. ‘घ’ आणि ‘ध’ यांत, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याची रोज गफलत होई. काल ओळखलेले अक्षर आज परके. जो पोर पावणेदोनकी म्हणतो त्यास धड्याची चार वाक्ये वाचता येऊ नयेत, याचा अर्थ आम्ही एकच केला : आळस व लबाडी. आम्ही त्यास उभा केला, ओणवा केला, वर्गापुढे ‘काळी म्हैस’ वाचावयास लावून इतर मुलांस हसू दिले. छडीही वापरली. चौथीच्या मध्यावर त्याने शाळा सोडली. त्या वर्षी आमच्या वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून वरिष्ठांनी शेरा उत्तम दिला.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. उत्तम गवंडी, आता स्वतः कामे घेतो, हाताखाली दहा माणसे. पाया पडला. तेवढ्यात कोणीतरी आपल्याकडील लग्नाची पत्रिका त्याच्या हाती दिली. त्याने ती आमच्यापुढे धरली आणि म्हणाला, “गुरुजी, तेवढी वाचून दाखवा. चष्मा घरी राहिला.” आम्ही वाचून दाखविली. मग आम्ही त्यास बाजूस नेऊन विचारले, “तुला चष्मा आहे का रे?” तो काही वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, “चष्मा नाही, गुरुजी. तीस वर्षं हेच सांगतोय.”

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या डोक्यातील वाटा कशा होत्या, हे आम्ही सांगू शकत नाही, कारण त्याचे चित्र कोणी काढलेले नाही. परंतु ज्यास आपण आज डिस्लेक्सिया म्हणतो, वाचनातील ती अडचण बुद्धीच्या कमतरतेमुळे किंवा आळसामुळे होत नाही, हे आता निश्चित आहे. छडीने वाट पडत नाही. भीतीने असलेली वाटही अंधारते.

मग वाट पडते कशाने? येथे विज्ञानाचे दुसरे अंग पुढे येते, आणि ते आशादायक आहे. पिट्सबर्ग येथील केलर व जस्ट यांनी आठ ते दहा वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या मुलांस सुमारे शंभर तास विशेष शिकवणी देवविली. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की शिकवणीनंतर त्या मुलांच्या मेंदूतील तंतूंच्या एका डाव्या पट्ट्याची प्रत सुधारली, आणि जेथे सुधारणा अधिक तेथे अक्षरे जुळवून उच्चारण्याची प्रगतीही अधिक. शंभर तास म्हणजे किती? रोज अर्धा तास म्हटले तर दोनशे दिवस. एक शालेय वर्ष!

प्रौढांचे काय? निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले आणि बालपणी शिकलेले, अशा तीन प्रकारच्या माणसांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. ऐकण्या-बोलण्याची ठाणी जोडणारी जी धनुष्याकार तंतूंची जुडी डाव्या बाजूस आहे, तिच्या मागील भागाची घडण वाचू शकणाऱ्यांमध्ये अधिक चांगली आढळली, मग ते मोठेपणी का शिकलेले असेनात. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने वाचन शिकविण्यात आले. लिपी कोणती? आपलीच देवनागरी! आधी व नंतर चित्रे काढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मेंदूच्या अगदी खोल तळाशी असलेली काही ठाणी आणि पाहण्याचे ठाणे यांचा ठेका सहा महिन्यांत अधिक जुळलेला दिसला. ज्यांस काही शिकविले नाही त्यांच्यात असा फरक पडला नाही. तिशी ओलांडलेल्या बाया काना-मात्रा गिरवितात, आणि डोक्याच्या तळघरापर्यंत रहदारी बदलते. असा हा दुहेरी व्यवहार आहे. वाट पावलास दिशा देते, आणि पाऊल वाट पाडते. पायवाट कशी पडते हे आपल्या पूर्वजांस कोणी शिकविले नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. ही चित्रे रंगीत व मोहक दिसतात, परंतु ते रंग गणिताने भरलेले असतात. वाटांच्या चित्रातील एक कण सुमारे दोन मिलीमीटरचा असून त्यात हजारो तंतू सामावतात, आणि निरोप कोणत्या दिशेने जातो हे त्यावरून कळत नाही. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला मासा यंत्रात ठेवून, गणितात नेहमीची दक्षता न घेतल्यास त्याच्याही मेंदूत काम चाललेले कसे दिसते, हे मुद्दाम दाखविले होते! शिवाय वर सांगितलेले निष्कर्ष अनेकांची सरासरी काढून आलेले आहेत. एका मुलाचे चित्र काढून तो पुढे वाचेल की नाही, डॉक्टर होईल की वकील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. अशा जाहिरातींस भुलून कोणी पैसे खर्चू नयेत. मूल अडत असेल तर शाळेत विचारावे, जाणकार डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. तसे प्रमाणपत्र असलेल्या मुलांस शालान्त परीक्षेत जादा वेळ व अन्य सवलती मिळतात, त्या मागण्यात कमीपणा मानू नये.

आता शेवटची विनंती. आपले मंडळ दरवर्षी अधिक गुण मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करते. तो अवश्य व्हावा. परंतु ज्यांचे नाव त्या यादीत कधीच येत नाही, त्यांच्यासाठी मंडळाने काय केले, असे कोणी विचारल्यास आपणांपाशी उत्तर नाही. आमची सूचना अशी, की मंडळाच्या सभागृहात सायंकाळी एक तास वाचनवर्ग चालवावा. दुसरी ते चौथीची मागे पडलेली मुले आणि अक्षरओळख हवी असलेली वडील माणसे, दोघांनाही तो मोकळा असावा. खर्च दिव्याचा आणि पुस्तकांचा. शिक्षकाचा खर्च नाही, कारण अंगात शक्ती आहे तोवर ते काम आम्ही विनावेतन करू. या वर्गात छडी असणार नाही, आणि कोणी कोणास हसणार नाही.

त्या गवंड्याने गेल्या वर्षीपासून आमच्या ओटीवर येण्यास आरंभ केला आहे. त्याचे नाव सांगण्याची परवानगी आम्ही मागितली नाही. गोष्ट सांगण्याची मागितली, ती त्याने दिली. आठवड्यातून चार दिवस तो येतो. प्रगती सावकाश आहे. ‘घ’ आणि ‘ध’ अजून त्यास फसवितात. परंतु दिवाळीनंतर एके दिवशी तो उशिरा आला आणि म्हणाला, “गुरुजी, आज गाडीची पाटी कुणाला न विचारता वाचली आणि चढलो. गाडी बरोबर निघाली.” आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “ते राहू द्या, पुढचं पान काढा.”

त्याचे हे वाक्यच आम्ही मंडळापुढे ठराव म्हणून ठेवतो.